एका कपाचं यंत्र, गडहिंग्लजच्या टेबलावर

गडहिंग्लजमध्ये चहाची टंचाई कधी नसते. कचेरीच्या दारातून नुसता हात वर केला तरी समोरच्या टपरीवरून चहा येतो. कॉफीचं तसं नाही. टपरीवर कॉफी मागितली तर उकळत्या दुधात इन्स्टंट पूड आणि सढळ हातानं साखर मिळते. ती गरम असते, गोड असते. पण संकेश्वरच्या पुढे, बेळगाव-हुबळीच्या वाटेवरच्या उडपी हॉटेलातली डिकॉक्शनची कॉफी ज्याच्या जिभेवर एकदा बसली आहे, त्याचं तिच्यावर समाधान होत नाही. करसल्लागार, वकील, विमा प्रतिनिधी, घरच्या माडीवर बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम करणारी तरुण मंडळी, अशा टेबलावर दिवस काढणाऱ्यांसाठी ही कृती आहे. यंत्र लहान, एका वेळी एक कप देणारं, कॅप्सूलवर चालणारं.

ही यंत्रं मुळात कचेऱ्यांसाठीच आली. नेस्लेत काम करणाऱ्या एरिक फावर या स्विस अभियंत्यानं १९७०च्या दशकात कॅप्सूलची कल्पना घडवली आणि १९८६मध्ये नेस्प्रेसो बाजारात आली. सुरुवातीला ती कचेऱ्यांनाच विकायचा प्रयत्न झाला, घराघरात ती नंतर गेली. अमेरिकेत क्युरिग कंपनीचं पहिलं यंत्र १९९८मध्ये आलं, तेही कचेरीसाठीच. मोठं भांडं भरून केलेली आणि तासन् तास तापत राहिलेली कडवट कॉफी नको, ज्याला हवा त्याला हवा तेव्हा ताजा कप मिळावा, एवढाच त्यामागचा विचार होता.

यंत्राचं काम थोडकं आहे. टाकीतलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापवायचं आणि पंपाच्या दाबानं पुडीतून ढकलायचं. बाकी वीज, पाणी, पूड आणि दूध या चारही गोष्टी आपल्याच गावच्या असतात. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात त्यांच्याबद्दल फारसं काही नसतं, आणि कप चांगला होतो की वाईट हे त्यांच्यावरच ठरतं. म्हणून बटण दाबण्याआधीची तयारी इथे जास्त सविस्तर दिली आहे.

साहित्य

एका कपासाठी: ताजी दळलेली कॉफी पूड ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचा शीग लावून दोनदा. पिण्याचं पाणी, टाकी साधारण ६०० मिलीलिटरची असते, ती अर्धी भरली तरी चालते. गरम दूध १०० मिलीलिटर. साखर किंवा किसलेला गूळ चवीप्रमाणे. शिवाय पुन्हा पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल, जाड चिनी मातीचा कप, दुधासाठी लहान थर्मास, एक कोरडं फडकं आणि वापरलेल्या पुडीसाठी झाकणाचा डबा.

स्टीलची कॅप्सूल घ्याच, असा माझा आग्रह आहे. तयार कॅप्सूल सोयीची असते. पण इथे ती दुकानात सहज मिळत नाही, कुरिअरची वाट बघावी लागते, प्रत्येक कपामागे खर्च बराच येतो आणि मागे कचरा उरतो. स्टीलच्या कॅप्सूलमध्ये पाव किलो पुडीचे चाळीसच्या वर कप निघतात. मात्र ती आपल्या यंत्राच्या मापाचीच हवी. दुसऱ्या बनावटीची जोर लावून बसवली की पाणी कडेनं गळतं आणि रबर खराब होतं.

वीज

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. यंत्र वीतभर रुंदीचं दिसतं म्हणून ते मोबाइलच्या चार्जरशेजारी पट्टीवर लावण्याचा मोह होतो. त्यातली तापवणारी कॉइल १२०० ते १५०० वॅटची असते. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या वर प्रवाह. टेबलाजवळचा लहान सॉकेट सहा अँपिअरचाच असतो, आणि त्यावर एक्स्टेंशन, एक्स्टेंशनवर संगणक, प्रिंटर, राउटर असा गोतावळा आधीच बसलेला असतो. त्यात हे यंत्र घालू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि यंत्राची वायर थेट भिंतीत, अशी सोय हवी. टेबलाजवळ तसा पॉइंट नसेल तर वायरमनला बोलावून काढून घ्या, किंवा जिथे पॉइंट आहे तिथे स्टूल ठेवून यंत्र मांडा. चार पावलं चालावं लागलं तर हरकत नाही.

संगणकाच्या यूपीएसवर आणि घरगुती इन्व्हर्टरवरही हे यंत्र लावायचं नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपासच देतो आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सातशेच्या. यंत्राची भूक त्याच्या दुपटीची. वीज गेली की कॉफी थांबली, हे मान्य करून टाकावं.

उसाला पाणी पाजायचे दिवस असले की आसपासच्या खेड्यांत व्होल्टेज खाली येतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३०चे १९० झाले की उष्णता एकतृतीयांशानं कमी. अशा वेळी यंत्रावरचा दिवा जास्त वेळ लुकलुकत राहतो आणि पंपाचा आवाजही मंदावतो. यंत्र बिघडलं असं समजून बटणं दाबत बसू नका. दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. व्होल्टेज फारच पडलं असेल तर कप पाणचट येतो; तेवढ्यापुरतं समोरच्या टपरीवर जावं.

जागा

यंत्र टेबलाच्या कडेला, पण कडेपासून हातभर आत. वर फळी नको, वाफेनं ती फुगते. सातबाराचे उतारे, स्टँपपेपर, लोकांच्या फायली यांच्यापासून लांब. लोकांचे मूळ कागद ज्या टेबलावर असतात तिथे यंत्र ठेवूच नये, त्याला वेगळं लहान टेबल द्यावं. खाली स्टीलचं ताट ठेवा. सांडलेलं पाणी त्यात राहतं आणि मुंग्या आल्याच तर लगेच दिसतात. पंप गुरगुरतो आणि टेबल थरथरतं, म्हणून ऑनलाइन बैठक सुरू व्हायच्या आधी कप काढून घ्यावा.

पाणी

शहराला हिरण्यकेशीचं पाणी. कितीतरी इमारतींत त्याच्या जोडीला बोअर असतं, आणि टाकीत दोन्ही मिसळतात. बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर तोच थर यंत्राच्या आतल्या बारीक नळीत बसणार हे ओळखावं. पातेलं घासता येतं, नळी घासता येत नाही.

सोपा उपाय असा: रात्री पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी तळ न हलवता वरचं निवळ पाणी बाटलीत भरून कचेरीत न्यायचं. उकळताना चुन्याचा बराच भाग खाली बसतो. आरओचं पाणी असेल तर ते एकट्यानं वापरू नका. त्यात क्षार इतके कमी उरतात की कॉफी सपक लागते. पुडीतली चव पाण्यात उतरायला थोडे क्षार लागतात. टीडीएस मोजायचं साधन असेल तर शंभर ते दीडशेच्या दरम्यानचं पाणी बघा. नसेल तर आरओचं आणि उकळून निवळलेलं नळाचं पाणी निम्मं निम्मं मिसळा. मला हे मिश्रण सगळ्यात चांगलं वाटतं.

टाकीतलं पाणी रोज बदलायचं. कालचं आज चालत नाही, आणि शनिवारचं सोमवारी तर मुळीच नाही.

पूड

देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी कर्नाटकात पिकते. कोडगू, चिकमगळूर, हासन हे तिचे जिल्हे. बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा तिकडे आजही सांगतात. त्या मळ्यांपासून आपण काही फार लांब नाही. चिकमगळूरच्या मळेवाल्यांकडून मागवलेली पूड कुरिअरनं येते, आणि बेळगाव-हुबळीकडे समोर दळून देणारी दुकानं आहेत. कामानिमित्त त्या बाजूला कुणी ना कुणी जातंच. त्यांच्याकडून एका वेळी पाव किलोच मागवा. दळलेल्या पुडीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो, म्हणून एकदम किलोभर आणण्यात फायदा नाही.

दुकानात दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. पहिली, दळण. फिल्टरच्या भांड्यासाठी दळतात त्याहून थोडं बारीक हवं: चिमटीत घेतल्यावर बारीक रव्यासारखं लागावं, मैद्यासारखं नको. दुसरी, चिकोरी. दक्षिणेकडच्या मिश्रणांत ती भरपूर असते. नियमानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली जवळपास निम्मी पूड चिकोरी असू शकते. फिल्टरच्या भांड्यात ती दाट रंग देते. पण स्टीलच्या कॅप्सूलच्या बारीक छिद्रांत ती चिकटते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून पूर्ण कॉफी घ्या. रंगाची आवड असेल तर चिकोरी १० ते १५ टक्क्यांपर्यंतच ठेवा.

पूड हवाबंद डब्यात, डबा कपाटात. आजऱ्याकडून सरी येत असतात त्या आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली असते की उघड्या पाकिटातल्या पुडीच्या दोन दिवसांत गुठळ्या होतात. त्या दिवसांत आठवड्यापुरतीच पूड कचेरीत ठेवावी आणि चमचा कोरडा असल्याची खात्री करावी.

कप काढताना

नवीन यंत्र असेल तर पहिल्यांदा कॅप्सूल न घालता टाकी भरून दोन-तीन वेळा नुसतं पाणी काढा. पंपातली हवा जाते, कारखान्याचा वास जातो. मोठा आवाज येतोय आणि पाणी येत नाही असं झालं तर टाकी काठोकाठ भरून वरून हलकेच दाबून बसवा आणि मोठ्या कपाचं बटण दाबा. अडकलेली हवा निघून धार सुरू होते.

रोजच्या कपाचीही सुरुवात नुसत्या पाण्यानंच करायची. यंत्र चालू केलं, दिवा स्थिर झाला की कप खाली ठेवून कॅप्सूलशिवाय लहान बटण दाबा. नळी तापते, कप तापतो. डिकॉक्शन अवघं चाळीस मिलीलिटर. थंड कपात पडलं की पहिला घोट घेईपर्यंत निवून जातं. म्हणून ही पायरी चुकवू नये.

कप तापतो आहे तोवर कॅप्सूल भरा. पूड काठापर्यंत घाला, कॅप्सूल टेबलावर हलकेच दोनदा आपटा, चमच्याच्या पाठीनं नुसती सपाट करा. दाबून ठासू नका. काठावर सांडलेले कण बोटानं पुसा, कारण तिथे एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही आणि पाणी कडेनं पळतं. झाकण लावा, कॅप्सूल यंत्रात सोडा, दांडा पूर्ण खाली आणा. दांडा जड जात असेल तर जोर लावू नका. बाहेर काढून पुन्हा बसवा.

कपातलं पाणी ओतून टाका, कप पुसून खाली ठेवा आणि लहान बटण दाबा.

आता धारेकडे बघायचं. पहिले काही सेकंद काहीच येत नाही, पूड भिजत असते. मग काळपट थेंब, मग तपकिरी बारीक धार. चाळीस मिलीलिटर यायला पंचवीस-तीस सेकंद लागले तर सगळं जमलं. दहा-पंधरा सेकंदांतच फिकट पाणी भसकन आलं तर पूड जाड आहे किंवा कमी पडली. थेंब थेंब गळत राहिलं तर पूड फार बारीक आहे, ठासली आहे किंवा चिकोरीनं छिद्रं बुजली आहेत. पुढच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

मोठ्या कपाच्या बटणाबद्दल माझं मत ठाम आहे. त्यातून साधारण ११० मिलीलिटर येतं आणि कप भरलेला दिसतो. पण पाच-सहा ग्रॅम पुडीतून तेवढं पाणी काढलं की शेवटी उतरतो तो फक्त कडवट, लाकडासारखा अंश. लांब काळी कॉफी हवी असेल तर लहान बटणावर डिकॉक्शन काढा, कॅप्सूल बाहेर घ्या आणि नुसतं गरम पाणी वरून घाला. कप तेवढाच भरतो, चव स्वच्छ राहते.

दूध आणि गूळ

टाकीत दूध कधीही घालायचं नाही. पंप, कॉइल, नळी सगळं नासतं, आणि ते धुऊन निघत नाही. दूध वेगळं तापवून वरूनच.

कचेरीत फ्रिज नसतो. सकाळी घरी दूध उकळा, थर्मासमध्ये उकळतं पाणी घालून तो आतून तापवून घ्या, पाणी ओतून लगेच कढत दूध भरा. तीन-चार तासांत संपवायचं. दुपारनंतरच्या कपाला ते वापरू नये. दुपारसाठी टेट्रापॅकमधलं लहान पाकीट बरं, फोडलं की त्याच बैठकीत संपवायचं.

आपल्याकडे दूध म्हणजे म्हशीचं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लासात देतात, अशा जिल्ह्यात दुधाचा अभिमान असणारच. पण म्हशीच्या दुधातला स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या दुधातला चार टक्क्यांच्या आसपास. एवढ्या दाट दुधाखाली चाळीस मिलीलिटर डिकॉक्शन दबून जातं. म्हणून साय काढून घ्या, आणि शंभर मिलीलिटरऐवजी सत्तर दूध आणि तीस यंत्रातलं गरम पाणी घ्या. गोकुळच्या गाईच्या दुधात हे करावं लागत नाही.

गूळ घालायचा असेल तर क्रम पाळा. कोल्हापुरी गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तो आपल्या हाताशी आहे. कॉफीत त्याची चव साखरेपेक्षा खोल लागते. पण कॉफी आंबटसर, गुळातही आंबटपणा आणि क्षार. उकळत्या दुधात तो टाकला की दूध फाटतं. आधी काळ्या डिकॉक्शनमध्ये किसलेला गूळ पूर्ण विरघळवा, अर्धा मिनिट थांबा, मग गरम पण न उकळतं दूध हळू ओता आणि ढवळा. गूळ नवीन आणला असेल तर आधी दोन चमचे दुधावर करून बघा.

माणसं आल्यावर

यंत्र एका कपाचं, पण इथल्या कचेरीत माणूस एकटा येत नाही. वाटणीच्या कामाला दोघे भाऊ आणि सोबत मामा, कर्जाच्या कागदाला नवरा-बायको आणि जामीनदार. एकानं कॉफी प्यायची आणि तिघांनी बघत बसायचं हे बरं दिसत नाही. म्हणून माणसं बसली की आधी विचारावं.

“अण्णा, कॉफी चालंल न्हवं?”

“चालंल की. पर कडू नको.”

अशा वेळी तीन माणसांसाठी दोन कॅप्सूल एकामागून एक काढा, दोन्हींचं डिकॉक्शन एकाच भांड्यात घ्या, त्यात तीनशे मिलीलिटर दूध आणि साखर घालून वर-खाली दोनदा ओता. फेस येतो, चव सारखी वाटली जाते, आणि सगळ्यांच्या हातात कप एकदम जातो. स्टीलच्या दोन कॅप्सूल जवळ असल्या की पहिली निवायची वाट बघावी लागत नाही. ती बाहेर येते तेव्हा चांगलीच भाजते. चौघांच्या वर माणसं असतील तर सरळ टपरीवरून चहा मागवा. वयस्कर माणसाला संध्याकाळी पाचनंतर कॉफी देण्याआधी झोपेचं विचारून घ्यावं.

स्वतःचंही भान ठेवायला हवं, कारण यंत्र हाताशी असलं की कप वाढत जातात. निरोगी प्रौढानं दिवसात ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये आणि गरोदर स्त्रीनं २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं सांगितलं जातं. अशा एका लहान कपात पुडीच्या जातीप्रमाणे साठ ते शंभर मिलिग्रॅम येतं. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. दिवसाला तीन कप हा माझ्या मते चांगला नेम. जेवणाला लागून कॉफी नको, अन्नातलं लोह अंगी लागायला ती आड येते. तासभर अंतर ठेवावं.

आवरणं

शेवटचा कप झाला की कॅप्सूल काढून पूड डब्यात ठोका, कॅप्सूल नळाखाली धुवा आणि उलटी वाळत घाला. साबण नको, त्याचा वास राहतो. छिद्रं बुजलेली दिसली तर जुन्या टूथब्रशनं घासा. पुन्हा कॅप्सूलशिवाय एकदा पाणी काढा. खालचा ट्रे ओता, पुसा. पावसाळ्यात वापरलेल्या पुडीला दोन दिवसांत बुरशी धरते आणि उबदार यंत्राखाली झुरळं जमतात, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. वापरलेली पूड वाळवून कुंडीतल्या मातीत थोडी थोडी मिसळता येते. ॲल्युमिनियमच्या तयार कॅप्सूल वापरत असाल तर पूड झाडून, धुऊन साठवा आणि भंगारात द्या.

चुना काढायचं काम बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नदीचं असेल तर तीन महिन्यांतून. हमीची मुदत चालू असेपर्यंत कंपनीनं सांगितलेलंच द्रावण वापरा. पुढे लिंबूसत्त्व चालतं: लिटरला २० ग्रॅम, म्हणजे ६०० मिलीलिटरच्या टाकीला १२ ग्रॅम, अडीच-तीन छोटे चमचे. पाण्यात पूर्ण विरघळवून टाकीत घाला, खाली मोठं भांडं ठेवा, अर्धं द्रावण काढा, पंधरा-वीस मिनिटं यंत्र तसंच राहू द्या, मग उरलेलं काढा. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण काढायच्या. व्हिनेगर वापरू नका. रबराला त्याचा वास बसतो आणि पुढे कित्येक कपांना येत राहतो.

काळभैरीची यात्रा असो, गणपती असोत की दिवाळी, चार दिवसांच्या वर कचेरी बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून उघडी वाळवा, आतल्या नळीतलं पाणी काढायची पद्धत माहितीपत्रकात दिलेली असते तशी काढा आणि प्लग भिंतीतून उपसून ठेवा. परत आल्यावर पहिल्या दोन कपांचं पाणी ओतून द्या, आणि मग कॅप्सूलमध्ये पूड भरा.